भारीतली रेड ब्लेंड वाईन कशी समजून घ्यायची : सांगलीकडच्या द्राक्षवाल्यांसाठी, बागेपासून ग्लासापर्यंत

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, मिरज, खानापूर ह्या पट्ट्यात द्राक्ष म्हणजे काय हे कुणाला शिकवायला लागत नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, पोंग्यात, म्हणजे नवी फूट निघताना, पाऊस लागला की डाऊनी ह्या बुरशीच्या रोगाच्या धास्तीनं उडालेली झोप, हे सगळं आपल्या अंगवळणी पडलंय. पण पोरगं पुण्या-मुंबईहून येताना एखादी चांगली रेड वाईन घेऊन आलं की तीच जाणती माणसं बाटली हातात फिरवून बघतात आणि ठेवून देतात, म्हणतात हे काय आपलं काम नव्हं. मला हे पटत नाही. भारीतली रेड ब्लेंड कळायला जी नजर लागते ती आपल्याकडं आधीपासून आहे, एक्सपोर्टच्या मालात आपण जे बघतो तेच वाईनसाठी कुठल्या बाजूनं बघायचं एवढंच समजून घ्यायचंय. म्हणून सगळं जरा ऐसपैस लिहितोय, वाईन पिणाऱ्यासाठी पण आणि नुसतं कुतूहल असणाऱ्यासाठी पण.

आधी ब्लेंड म्हणजे काय ते. दोन किंवा जास्त जातींच्या द्राक्षांच्या वाईन वेगवेगळ्या बनवायच्या आणि नंतर ठरवून, मोजून एकत्र करायच्या, ती ब्लेंड. मिक्स म्हटलं की आपल्याला भेसळ आठवते, पण इथं तसं अजिबात नाही, जगातल्या सगळ्यात महागड्या रेड वाईनपैकी कितीतरी ब्लेंडच आहेत. घरी कांदा-लसूण मसाल्याला मिरची आणताना आपण एकच मिरची कधी आणतो का, रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी, चवीला संकेश्वरी, आणि प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं, ब्लेंडमागं हाच विचार आहे.

ह्या प्रकाराचं मूळ गाव म्हणजे फ्रान्समधला बोर्दो. तिथं समुद्र जवळ, पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही, त्यामुळं शेतकऱ्यांनी एका जातीवर सगळा भरवसा टाकलाच नाही. मर्लो लवकर फुलते, लवकर पिकते. कॅबरने सोव्हिन्यॉन उशिरा. एखाद्या साली फुलोऱ्यात पाऊस लागून मर्लो गेली तर कॅबरने वाचायची, तोडणीच्या टायमाला पाऊस आला तर मर्लो आधीच घरात आलेली असायची. जमिनीचा पण हिशोब आहे. नदीच्या डाव्या अंगाला मेदॉकमध्ये गोट्यांची, खडीची जमीन, पाणी धरत नाही, उन्हानं तापते, तिथं उशिरा पिकणाऱ्या कॅबरनेला ती ऊब मिळते. उजव्या अंगाला सेंट एमिलियाँ आणि पोमेरोलकडं चिकणमाती जास्त, जमीन थंड आणि ओल धरणारी, तिथं मर्लोचं राज्य. ह्या दोन मुख्य जाती आणि जोडीला कॅबरने फ्रां, पेती व्हर्दो, माल्बेक थोडी थोडी. मेदॉकच्या वाईनरींची प्रतवारी १८५५ साली लागली ती जवळपास तशीच अजून चालू आहे, म्हणजे बघा बागेच्या जागेला तिथं किती मान आहे.

जाती द्राक्षवाल्याच्या नजरेनं

कॅबरने सोव्हिन्यॉनचा मणी बघितला तर आपला माणूस म्हणेल बागेत काहीतरी चुकलंय. ग्रॅमभराचा मणी, निळा-काळा, साल जाड, आत बिया. आपण जीए हे वाढीचं संजीवक मारून, थिनिंग म्हणजे मण्यांची विरळणी करून १८ एमएमचा मणी काढतो आणि साल पातळ, मणी कुरकुरीत पाहिजे म्हणतो. वाईनला बरोबर उलटं पाहिजे. रेड वाईनचा रंग आणि टॅनिन म्हणजे ती तोंड आवळणारी चव, हे सालीत आणि बियांत असतं, गर तर काळ्या द्राक्षाचा पण पांढराच असतो. मणी जेवढा बारका तेवढी रसाच्या मानानं साल जास्त, म्हणजे वाईन तेवढी भरीव. म्हणून वाईनच्या बागेत फुगवणीचं डिपिंग नाही, गर्डलिंग म्हणजे खोडाची साल गोल काढणं नाही, मणी मोठा करायची कसलीच धडपड नाही.

कॅबरने ही कॅबरने फ्रां आणि सोव्हिन्यॉन ब्लांक ह्या दोन जातींचा आपोआप झालेला संकर आहे, म्हणजे काळ्या लेकराचा एक पालक पांढरा, हे १९९७ साली कॅलिफोर्नियात डीएनए तपासून सिद्ध झालं. हिच्या वाईनमध्ये काळ्या बेरी फळांचा वास, भरपूर टॅनिन, आणि नीट पिकली नाही तर सरळ ढोबळी मिरचीचा वास येतो. तो वास देणारं द्रव्य मण्यातच असतं, घडावर ऊन पडलं आणि माल पुरता पिकला की कमी होतं. त्यामुळं ग्लासात ढोबळी मिरची आली की बागेत कॅनॉपी, म्हणजे वेलीचा पानांचा पसारा, दाट होती किंवा माल घाईनं तोडला, हे आपल्याला बाटलीवरनं ओळखता येतं.

मर्लोचा मणी जरा मोठा, साल पातळ, वाईन मऊ, अलुबुखारासारखी. ब्लेंडमध्ये कॅबरनेची आवळ कमी करायला ही लागते. शिराज आपल्या हवेला चांगली मानवते, रंग गडद आणि वास काळ्या मिरीचा. हे मिरीचं म्हणणं कवीकल्पना नाही, रोटुंडोन नावाचं एक द्रव्य आहे, ते खऱ्या काळ्या मिरीत पण आहे आणि शिराजच्या सालीत पण, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली ते दाखवून दिलं. ऑस्ट्रेलियात कॅबरने-शिराज ही जोडी जुनी आहे आणि भारतात पण चांगल्या ब्लेंडमध्ये ही जोडी सारखी दिसते, कारण दोन्ही जाती महाराष्ट्र-कर्नाटकात लागलेल्या आहेत. सांजोवेज ही इटलीची, आंबटपणा चांगला धरून ठेवते, गरम भागात त्याला फार किंमत आहे. पेती व्हर्दो थोडीच घालतात, रंग आणि आवळ वाढवायला.

बागेत काय वेगळं करतात

खुंटापासून, म्हणजे ज्याच्यावर कलम करतात त्या खालच्या मुळाच्या झाडापासून, सुरू करू. आपण डॉगरिज लावतो, ११०-आर लावतो, कारण पाणी कमी आणि जमिनीत क्षार. फ्रान्सवाले अमेरिकन खुंटावर गेले ते वेगळ्या कारणानं, १८६० च्या दशकात फायलोक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड आली आणि बागाच्या बागा वाळल्या, तेव्हा अमेरिकन जातीचा खुंट आणि वर आपलं फ्रेंच डोळं भरलेलं कलम हाच उपाय निघाला. आज जगातली भारीतली वाईन बहुतेक सगळी कलमी झाडाची आहे. डॉगरिज जोमदार खुंट आहे, वाढ लई देतो, वाईनला एवढा जोर नको असतो म्हणून बरेच जाणकार ११०-आर बरा म्हणतात. मला पण तेच पटतं, विशेषतः जमीन भारी असेल तर.

जमीन म्हणजे माळाची, मुरमाड, निचऱ्याची. कृष्णाकाठची काळी कसदार रानं उसाला सोन्यासारखी आहेत पण वाईनच्या द्राक्षाला तिथं खायला-प्यायला इतकं मिळतं की वेल पानातच गुंततो, घडाकडं बघत नाही. सावळज, मणेराजुरीकडचा माळ डोळ्यासमोर आणा, तशी रानं. ताकारी, म्हैसाळ, टेंभू ह्या उपसा योजनांचं पाणी आल्यापासून पाण्याची काळजी थोडी कमी झाली, पण वाईनच्या बागेत पाणी असून पण हात आखडता घ्यायला लागतो. सेटिंग, म्हणजे फुलाचा मणी धरणं, झाल्यापासून मण्यात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे मणी मऊ पडायला लागेपर्यंत, वेलीला हलका ताण दिला तर मणी बारका राहतो आणि शेंडा थांबतो. ताण म्हणजे वाळवणं नव्हे, पानं सुकून गळायला लागली तर साखरच तयार होणार नाही, शेंडा मंद झाला आणि पान टवटवीत राहिलं एवढाच ताण.

आता छाटणीचा विषय, आणि इथं सांगली आणि बोर्दोतला खरा फरक आहे. तिकडं थंडीत वेल झोपतो, एकदाच छाटायचा, उन्हाळ्यात वाढतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हवा गार होत जाताना माल पिकतो. आपल्याकडं वेल झोपतच नाही, म्हणून दोन छाटण्या आणि एक पीक, आणि माल पिकतो तो फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे रोज ऊन वाढत असताना. त्यामुळं साखर झपाझप चढते आणि आंबटपणा तेवढ्याच वेगानं उतरतो, पीएच वर जातो, आणि साल-बी पुरती पिकायच्या आत ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, मात्र भरलेला दिसतो. ह्यावर उपाय म्हणून फळछाटणी थोडी आधी, सप्टेंबरात घेतात, म्हणजे माल जानेवारी-फेब्रुवारीच्या गार रात्रीत पिकेल. पण आधी छाटलं की परतीच्या पावसात पोंगा आणि फुलोरा सापडतो, डाऊनी आहेच. दोन्ही बाजूनं ओढाताण. भारतातल्या चांगल्या रेडच्या मागं ह्या एका निर्णयाचं केवढं वजन असतं ते छाटणीची तारीख ठरवताना रात्र काढलेल्या माणसालाच कळेल.

मग लोड, म्हणजे वेलीवर माल किती ठेवायचा ते. खायच्या द्राक्षात एकरी १०-१२ टन निघालं तर आपण खूश. भारीतल्या रेडसाठी एकरी ३-४ टनावर थांबायचं म्हणतात, बोर्दोच्या नावाजलेल्या भागात तर नियमानंच हेक्टरी साधारण ४५ ते ५५ हेक्टोलिटर (एक हेक्टोलिटर म्हणजे १०० लिटर) वाईनची मर्यादा असते, म्हणजे एकरी अडीच-तीन टनाच्या आसपास माल. काडीवर एक-दोन घड ठेवून बाकीचे काढून टाकायचे, आणि मणी रंग धरताना जे घड मागं राहिले, हिरवट दिसतायत, ते पण कापून खाली टाकायचे. आमच्या थोरल्या काकांनी अशी विरळणी पहिल्यांदा बघितली तेव्हा ते सरीत पडलेले घड उचलून गोळाच करायला लागले, बागाईतदाराच्या हाताला ते सोसत नाही. पण बाटलीची किंमत जास्त का असते ह्याचं अर्ध उत्तर त्या सरीत पडलेलं असतं.

कॅनॉपीचं काम ओळखीचंच आहे, बिनघडाची फेलफूट काढायची, बगलफुटी काढायच्या, घडाजवळची पानं काढायची. फक्त पानं सकाळच्या उन्हाच्या बाजूची काढायची आणि दुपारनंतरच्या बाजूची सावली ठेवायची, नाहीतर मार्चच्या उन्हात मणी भाजतात आणि वाईनला मुरंब्यासारखा शिजका वास येतो.

तोडणी कधी करायची हे ठरवताना साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर लागतोच, रेडला साधारण २३ ते २५ ब्रिक्स, त्यातनं १३-१४ टक्के अल्कोहोल तयार होतं. बेदाण्याला आपण माल असाच चढवतो, त्यामुळं हा आकडा नवा नाही. पण आकड्यावर थांबायचं नाही. बागेत चार-सहा ठिकाणचे, उन्हातले आणि सावलीतले मणी तोडायचे. एक मणी बोटांत दाबायचा, गर सालीपासून अलगद सुटला पाहिजे. नुसती साल बराच वेळ चावायची, आधी रंग सुटतो, मग आवळ कळते, गवतासारखी कच्ची लागली तर थांबायचं. मग बी. हिरवी बी चिकट आणि कडू, पिकलेली बी तपकिरी आणि दाताखाली भाजक्या शेंगदाण्यासारखी कुडुम वाजते. असं आठ दिवस रोज केलं की जीभ आपोआप फरक सांगायला लागते. तोडणी पहाटे करायची, माल गार असताना वाईनरीत पोचला पाहिजे, ऊन चढल्यावर क्रेटमध्येच मणी फुटून आंबायला लागतात.

वाईनरीत

हे थोडक्यात सांगतो कारण मुख्य काम वर होऊन गेलं. घडाचे देठ काढतात, मणी हलकेच फोडतात, सालीसकट टाकीत घालतात आणि यीस्ट सोडतात. तापमान २५ ते ३० अंशात ठेवतात, आपल्या हवेत त्यासाठी टाक्यांना कूलिंग लागतंच. सालींचा थर फुगून वर येतो, तो दिवसातनं दोन-तीनदा खाली दाबायचा किंवा खालचा रस पंपानं वर सोडायचा, नाहीतर रंग उतरत नाही आणि वरचा थर आंबून बिघडतो. आठ-पंधरा दिवसांनी वाईन सालीपासून वेगळी करतात. त्यानंतर एक दुसरं आंबवणं होतं, त्यात बॅक्टेरिया मॅलिक ॲसिडचं लॅक्टिक ॲसिड करतात, कैरीसारखा करकरीत आंबटपणा जाऊन मऊपणा येतो. मग ओकच्या पिंपात. नेहमीचं पिंप २२५ लिटरचं, त्यातनं ३०० बाटल्या भरतात. फ्रेंच ओकचा वास नाजूक, अमेरिकन ओकचा व्हॅनिला-खोबऱ्याकडं जाणारा. भारीतली रेड साधारण वर्ष-दीड वर्ष तिथं मुरते, लाकडातनं अगदी बारीक हवा लागत राहते आणि टॅनिनची धार कमी होते.

महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक जात, आणि चांगल्या वाईनरीत तर प्रत्येक प्लॉट, वेगळा आंबवतात आणि वेगळा मुरवतात. ब्लेंड शेवटी, बऱ्याचदा पिंपात मुरल्यावर, छोट्या सॅम्पलवर ठरते. आणि हा भाग तुम्ही घरी करून बघू शकता.

घरच्या टेबलावर ब्लेंड करून बघा

एक सांगून ठेवतो, घरी द्राक्षं आंबवून वाईन करणं हे लायसनशिवाय महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली गुन्हा आहे, बाग आपली असली तरी. इथं आपण दुकानातनं घेतलेल्या तयार वाईन ग्लासात एकत्र करून चाखणार आहोत, त्यात पिण्याचं परमिट आणि वय ह्या दोन गोष्टी सांभाळल्या की झालं, एक दिवसाचं परमिट दुकानातच मिळतं.

चार-पाच जण मिळून तीन बाटल्या घ्या, एक कॅबरने, एक शिराज, आणि तिसरी मर्लो किंवा सांजोवेज, सगळ्या भारतीयच घ्या म्हणजे खर्च आवाक्यात राहतो. सांगली-मिरजेत तिसरी नाही मिळाली तर पुण्याहून येणाऱ्याला सांगा, तेवढं थांबणं परवडतं. मोजायला १०० मिलीचं काचेचं मोजपात्र लागेल. फवारणीचं मोजपात्र घरात आहे म्हणून ते धुऊन घेऊ असं अजिबात करू नका, औषधाला लागलेलं भांडं खाण्यापिण्याला कधीच नाही, मेडिकलमधनं १० मिलीची नवी सिरिंज आणा, सुई न लावता, काम भागतं. कागद-पेन, साधं पाणी, आणि चव मोकळी करायला कोरडी भाकरी किंवा पाव. त्या दिवशी अत्तर, उदबत्ती, फोडणी सगळं लांब.

आधी तिन्ही वाईन वेगवेगळ्या चाखायच्या. वास घ्या, छोटा घोट तोंडभर फिरवा, आणि फक्त तीन प्रश्न लिहा : सुरुवातीला काय लागलं, मधे तोंड भरलं का रिकामं वाटलं, गिळल्यावर किती वेळ टिकलं. कॅबरने बऱ्याचदा सुरुवातीला आणि शेवटी जोरात असते पण मधे जरा पोकळ वाटते, ती पोकळी मर्लो किंवा शिराज भरून काढते, आणि ब्लेंडची सगळी गंमत ह्या एका गोष्टीत आहे.

मग पहिलं मिश्रण ६० मिली कॅबरने, ३० शिराज, १० मर्लो. दुसऱ्यात शिराज पुढं घ्या, ६० शिराज, ३० कॅबरने आणि मर्लो १० च. तिसऱ्यात पहिलंच, पण मर्लो २० करून शिराज २० वर आणा. ग्लासांच्या खाली चिठ्ठ्या लावा आणि कुणालातरी ग्लास फिरवायला सांगा, म्हणजे आपण काय पितोय हे माहीत नसताना मत द्यायचं. नुसत्या दहा मिलीनं वास पालटतो, कधी मिरी पुढं येते, कधी आवळ एकदम मऊ होते. आणि कधी तिन्ही चांगल्या वाईन मिळून एकदम सपक मिश्रण होतं, ते पण शिकवणारं असतं, कारण बेरीज केली की चांगलंच होतं असं इथं नाही. वाईनमेकर हेच करतो, फक्त त्याच्यापुढं वीस-तीस सॅम्पल असतात आणि एकदा हजारो लिटर एकत्र केले की परत वेगळे करता येत नाहीत.

घोट चाखून भांड्यात थुंकायची सवय ठेवा. धंद्यातले सगळे तेच करतात, सहा-सात घोटांनंतर जीभ आणि डोकं दोन्ही जागेवर राहायला पाहिजेत. आणि त्यानंतर गाडीला हात लावायचा नाही.

बाटली घेताना

लेबलवर साल असतं ते तोडणीचं. आपल्या बागांचं गणित धरलं तर २०२३ लिहिलेलं असेल तर छाटणी २०२२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरची आणि तोडणी २०२३ च्या सुरुवातीची. त्या हंगामात पाऊस कसा होता हे आपल्यातल्या कुणालाही आठवतं, लेबल वाचायला ह्याच्यापेक्षा चांगली तयारी कुठली.

जातींची नावं बघा. युरोपात एकाच जातीचं नाव छापायचं तर ती किमान ८५ टक्के लागते, अमेरिकेत ७५ टक्के, म्हणजे सिंगल म्हणून विकलेल्या वाईनमध्ये पण थोडी दुसरी असू शकते. ब्लेंडवर दोन नावं असली की आधी लिहिलेली जास्त असं साधारण धरून चाला. स्पेनमध्ये रेडवर 'रिझर्व्हा' लिहायला किमान तीन वर्षं मुरवावी लागते, त्यातलं निदान एक वर्ष पिंपात, पण सगळीकडं 'रिझर्व्ह' ह्या शब्दाला असा कायद्याचा आधार नाही, त्यामुळं त्या शब्दाला भुलू नका. माल स्वतःच्या बागेतला आहे का, पिंपात किती महिने ठेवली, अल्कोहोल किती, हे मागच्या लेबलवर शोधा. स्वतःची बाग सांगणाऱ्या वाईनरीकडं माझा कल जास्त, कारण लोड आणि छाटणीवर ताबा त्यांचाच असतो.

भारतातली नावं सांगायची तर ग्रोव्हरची ला रिझर्व्ह ही बंगळूरजवळच्या नंदी हिल्सची कॅबरने-शिराज ब्लेंड, मिशेल रोलां हे बोर्दोचे नावाजलेले सल्लागार त्यांच्याबरोबर होते. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडं फ्रातेल्लीच्या बागा आहेत, त्यांची सेत्ते ही सांजोवेज आणि कॅबरनेची ब्लेंड, पिएरो मासी ह्या इटालियन वाईनमेकरच्या हातची. इटलीत टस्कनीमध्ये १९७० च्या दशकापासून तिन्यानेल्लोसारख्या वाईननी ह्या दोन जाती एकत्र आणून नाव काढलं, तीच वाट इथं माळशिरस तालुक्याच्या माळावर चाललीय हे मला फार भारी वाटतं. परदेशातली महागातली बघायची तर ओपस वन, रॉबर्ट मोंडावी आणि बॅरन फिलिप द रोथ्सचाइल्ड ह्या दोघांनी मिळून कॅलिफोर्नियाच्या नापात बोर्दोच्या जाती घेऊन काढलेली, पहिलं साल १९७९. पण शिकायला आधी भारतीयच घ्या.

आणि आपलं पलूस विसरू नका. २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर नाशिकच्या विंचूरला एक आणि आपल्या पलूसला कृष्णा व्हॅली असे दोन वाईन पार्क झाले. पुढं २००८ च्या मंदीनंतर राज्यात वाईनच्या द्राक्षाला उठाव राहिला नाही, बऱ्याच शेतकऱ्यांनी बागा काढून टाकल्या. ज्याला लागवड करायची इच्छा आहे त्यानं हे डोळ्यासमोर ठेवावं, वाईनच्या जातीला बाजार समितीत गिऱ्हाईक नाही, बेदाणा पण होत नाही, त्यामुळं वाईनरीशी लेखी करार हातात आल्याशिवाय एक काडी पण लावू नका, आणि करारात ब्रिक्स, दर, उचल कधी आणि माल नाकारला तर काय, हे चारही मुद्दे असले पाहिजेत. जातींची आणि खुंटांची माहिती पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात मिळते.

दुकानात बाटली काचेच्या शोकेसमध्ये उन्हाला उभी असेल तर ती घेऊ नका. कॉर्क वर उचललेलं दिसलं, कडेनं ओघळ दिसला, तर ती बाटली तापलीय.

ठेवणं, उघडणं, खाणं

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीला टेकतो. लोखंडी कपाट, माळा, स्लॅबखालची खोली, तिन्ही ठिकाणी वाईन शिजते. जुन्या मातीच्या भिंतींच्या घरात मधली अंधारी खोली असेल तर जमिनीलगत आडवी ठेवा, नाहीतर सरळ फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, काही महिने तिथं काही होत नाही.

रेड वाईन 'रूम टेम्परेचर'ला प्यावी असं सगळे सांगतात पण ती रूम युरोपातली, १६ ते १८ अंशाची. आपल्या खोलीत ३२ असतं, त्या तापमानाला नुसतं अल्कोहोल नाकात जातं. बाहेर ठेवलेली बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये घाला, आणि फ्रिजमधलीच असेल तर वीस मिनिटं आधी बाहेर काढा. तरुण, आवळ असलेली ब्लेंड काचेच्या जगमध्ये ओतून तासभर ठेवली की मोकळी होते. जुनी बाटली असेल तर आदल्या दिवशी उभी करून ठेवा, हळू ओता आणि तळाचा गाळ बाटलीतच राहू द्या. तो गाळ म्हणजे रंग आणि टॅनिन खाली बसलेलं असतं, वाईन खराब नसते. खराब वाईन नाकाला कळते, ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर कॉर्कची बाधा, व्हिनेगरचा आला तर हवा लागलेली. ग्लास एक तृतीयांशच भरायचा, वासाला जागा पाहिजे, एका बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात.

खाण्याचं म्हणाल तर झणझणीत तांबडा रस्सा आणि भारीतली रेड एकत्र नको, तिखटामुळं अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही जास्त जाळतात आणि एवढ्या मेहनतीच्या वाईनची चव बुडते. सुकं मटण मध्यम तिखटाचं करा, टॅनिनला मांसातलं प्रोटीन आणि चरबी सापडली की आवळ एकदम उतरते. शिराज असलेल्या ब्लेंडला मिरी घातलेलं मटण फार जमतं. शाकाहारी लोकांसाठी इस्लामपूरकडचा अख्खा मसूर, तिखट जरा आवरून, आणि सोबत चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्या धुरकट वासाला पिंपात मुरलेली रेड चांगली साथ देते. भडंग समोर असतंच, पण त्यातला लसूण आणि तिखट वाईनवर चढतो, ते बाजूला ठेवून खारे शेंगदाणे घ्या, मिठानं टॅनिन मऊ लागतं.

उरलेली वाईन बुच लावून फ्रिजमध्ये ठेवा, रेड असली तरी फ्रिजमध्येच, दोन-तीन दिवस चांगली राहते. छोटी बाटली असेल तर त्यात काठोकाठ भरून ठेवा, वर हवा जेवढी कमी तेवढी जास्त टिकते. दुसऱ्या दिवशी परत चाखून बघा, काही ब्लेंड आदल्या दिवशीपेक्षा चांगल्या लागतात, खासकरून कॅबरने जास्त असलेल्या.